सकाळी उडणारा काटा

माझ्या आयुष्याची गोष्ट सांगायची, तर आधी आमच्या घरच्या बाईंचा एक नेम सांगावा लागेल. त्याशिवाय मी आज कुणाशी बोलायला उरलोच नसतो.

बाईंनी देवापुढे हात जोडून असं कबूल केलं होतं, की आमचे हे पुन्हा सोल्डर गन हातात घेईपर्यंत मी रोज सकाळी दिवा लावल्यापासून तो शांत होईपर्यंत एक शब्द बोलणार नाही. वात बारीक, तेल बेताचं, म्हणजे साधारण पाऊण तासाचं मौन. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. पण आमच्या बाई म्हणजे उतू जाणाऱ्या दुधालाही "थांब रे बाबा, आले" म्हणणाऱ्या. बोलणं हा त्यांचा श्वास. देवाला द्यायचं तर आपल्याला जड जाईल असंच काहीतरी द्यावं, असा त्यांचा हिशेब होता.

तर मी एक पॉवर सप्लाय बोलतोय. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर असतो, तो. भिंतीतून येणारी दांडगट वीज मी आत घेतो, तिला समजावून शांत करतो आणि समोरच्या यंत्राला सोसेल तेवढीच पुढे देतो. माझ्या तोंडावर दोन काटे आहेत, दोन फिरवायची बटणं, एक लाल दिवा आणि तारा जोडायला दोन टोकं, एक लाल, एक काळं. रूप यथातथाच. वजन मात्र असं, की मला उचलणारा माणूस आधी एकदा कमरेला हात लावतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीपुढे एक दिवा आणि धूर ओढणारा छोटा पंखा. सोल्डर गनच्या गरम टोकाने कथील वितळवून तारेला तार जोडायची, त्याला टाका म्हणतात. माझ्या अंगात असे दोनशेच्या वर टाके आहेत आणि एक सोडला तर सगळे चकचकीत.

तो एक टाका जिने घातला तिला त्या दिवशी सर्दी झाली होती. टाका अजून ओला होता आणि तिला शिंक आली. बिचारीने ती आवरली, नाक दाबून धरलं, पण हात केसभर हलला. टाका घट्ट झाला तो निस्तेज, राखाडी. तिने पाहिलं नाही, कारण पुढचा नग सरकत आला होता. माझा तिच्यावर राग नाही. आवरलेल्या शिंकेचे हाल मला कळतात.

त्या टाक्यामुळे मला एक खोड लागली. थंड असलो की तो टाका आतल्या आत तडकायचा, आणि माझा व्होल्टचा काटा एकदम शेवटच्या आकड्यावर उडी मारायचा. बटण शून्यावर असलं तरीही. दहा-पंधरा मिनिटांनी अंग तापलं, की तड भरून यायची आणि मी पुन्हा शहाणा. कारखान्यात माझी तपासणी झाली ती भर दुपारी. पास झालो.

तिथून मी गेलो एका तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत. पहिल्याच हिवाळ्यात, सकाळच्या पहिल्या तासाला, एका मुलीने रात्रंदिवस खपून जुळवलेली सर्किटची पट्टी माझ्या टोकांना जोडली. मी काटा उडवला. धुराची बारीक रेघ निघाली आणि मुलीचे डोळे भरून आले. सर म्हणाले, न बघता बटण फिरवलंस. ती म्हणाली, सर, मी हातसुद्धा लावला नाही. खरं बोलत होती पोर. दुसऱ्या तासाला सरांनी स्वतः मला तपासलं तेव्हा मी तापलेलो होतो. माझा काटा शून्यावर, अगदी साळसूद. ती मुलगी खोटी पडली.

ते मला अजून लागतं.

असं अनेकदा झालं. शेवटी प्रयोगशाळेच्या मदतनिसाने एका चिठ्ठीवर 'भरवसा नाही' असं लिहून ती माझ्या कपाळावर चिकटवली आणि मला अडगळीत ठेवलं. किती वर्षं, ते मोजलं नाही. मग एक दिवस मला एका जुन्या सामानाच्या दुकानात आणून ठेवलं. दुकानदाराने पहिलं काम केलं ते चिठ्ठी खरवडून काढण्याचं.

त्या दुकानात बाई आल्या. हातात मोठी पिशवी, तिच्यात घडी घातलेली जुनी चादर. फळीवर आम्ही चार पॉवर सप्लाय मांडलेले. त्यांनी चौघांना नीट पाहिलं आणि विचारलं, "यातला बिघडलेला कुठला?"

दुकानदार सवयीने म्हणाला, सगळे चालू आहेत, मावशी, बघून घ्या.

"चालू नकोय मला."

दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. जन्मात असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. मग मेलेलाच देतो की एखादा, म्हणाला.

"मेलेला नको. जीव असलेला, पण खोडीचा हवा. चांगला नेला तर आमचे हे 'बरं झालं' म्हणतील आणि फडकं टाकून ठेवतील. बिघडलेलं काही डोळ्यांपुढे असलं की त्यांना बसवत नाही. निदान पूर्वी बसवत नव्हतं."

दुकानदाराने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, हा दिवसभर संतासारखा असतो आणि कधीतरी एकदम बिथरतो. मीही याच्यापुढे हात टेकले. आठ दिवस ठेवून बघा, नाही जमलं तर परत आणा. बाईंनी मला चादरीत गुंडाळलं, आणि वाटेत दोनदा थांबून, एकदा माझी नि एकदा स्वतःच्या कमरेची विचारपूस करत घरी आणलं.

आता यजमानांची ओळख करून देतो. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी टेबल मांडून त्यांनी रेडिओ, टेप, कानाची यंत्रं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी एका आजारातून उठले, ते उजव्या हाताला कंप घेऊनच. तरी बसले टेबलावर. एका म्हाताऱ्या शिक्षकांचा रेडिओ उघडला होता. हात हलला, गरम टोक भलतीकडे टेकलं आणि रेडिओ गप्प झाला. शिक्षक रागावले नाहीत. "असू दे, जुनाच होता," एवढंच म्हणाले आणि रेडिओ काखेत धरून निघून गेले. ते चार शब्द रागाने बोलले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्री नंतर कितीदा तरी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सोल्डर गनची वायर गुंडाळली, आपला जुना पॉवर सप्लाय दुसऱ्या एका मिस्त्रीला देऊन टाकला आणि टेबलावर फडकं पसरलं. फडक्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा साठत गेला.

बाईंनी नेम धरला तो तेव्हा.

मला पाहून मिस्त्री म्हणाले, "हे काय आणलंस?"

दुकानात स्वस्तात दिसला म्हणून आणला, पण म्हणे कधीकधी बिथरतो, असं बाईंनी सांगितलं. पहिलं वाक्य खोटं होतं, म्हणून त्या आत जाऊन देवासमोर कान धरून आल्या. मिस्त्री चिडले. तुला फसवलंय, म्हणाले. पण गठ्ठा सरकवून मला टेबलावर ठेवलं. थोड्या वेळाने झाकणाचे चारही स्क्रू काढले. नुसतं बघतोय, असंही बजावलं, आणि सोल्डर गनला हात लावला नाही.

आता बघा, गंमत काय झाली.

बाई पहाटे उठायच्या, अंघोळ करायच्या, देवापुढे दिवा लावायच्या. त्या क्षणापासून तोंड बंद. मग फडकं घेऊन पुढच्या खोलीत यायच्या, टेबल पुसायच्या आणि माझं बटण दाबायच्या. देवापुढे दिवा लागला, तर ज्याच्यावर सगळी आशा त्याचाही दिवा लागावा, इतकंच त्यांच्या मनात. माझा लाल दिवा लागला, की मलाही हात जोडायच्या. मी गारठलेला असायचो. काटा सप्पकन शेवटच्या आकड्यावर. बाई ते रोज बघायच्या आणि हसायच्या. त्यांना वाटायचं, उठताना हा अंग मोडतोय.

इकडे दिवा शांत होईपर्यंत मी चांगला तापलेला. मग चहा घेऊन मिस्त्री येऊन बसणार, मीटर लावणार, बटण फिरवणार. मी पुन्हा संत. पाच सांगा, पाच. बारा सांगा, बारा. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. ते माझ्या एकेका भागाला बोट लावायचे आणि म्हणायचे, कुठे दुखतंय ते सांग की लेका. मला सांगता येत नव्हतं. ज्यांना दिसत होतं त्यांना तो दोष आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ते कळलं असतं त्यांना दिसत नव्हतं. मधे दोघांचा एवढा बोलका संसार.

चौथ्या दिवशी सकाळी मी तापलो होतो, पण देवाचा दिवा अजून तेवत होता, तेवढ्यात मिस्त्रींची थोरली बहीण आली. बाई तिला वन्सं म्हणतात. शिवणकाम करते, जीभही कात्रीसारखीच चालते. वहिनीला गप्प बघून ती म्हणाली, "हे दाखवायला तिकीट लावा, दारापर्यंत रांग लागेल." बाईंनी हाताने बसायला सांगितलं. वन्सं बसली आणि खिडकीकडे बघत राहिली. उजेड छान येतो इथे, म्हणाली. टेबल रिकामंच राहणार असेल तर माझं मशीन इथे ठेवू का, माझ्या खोलीत दोरासुद्धा दिसत नाही. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. तिचा आवाज ऐकून आलेले मिस्त्री म्हणाले, बघू. त्या 'बघू'ने बाईंचा पुसणारा हात थांबला. मला दिसला.

सहाव्या दिवशी मिस्त्रींनी दुकानदाराला फोन लावला. वस्तू परत आणतो म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. "कोण म्हणालं असं?" एवढंच मधे विचारलं. फोन ठेवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्यासमोर बसले, उजवा हात टेबलावर पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. हात हलतच होता. "या हातासाठी आणलं होय तुला. पण हा काही थांबत नाही," ते माझ्याशी हळूच बोलले.

बाईंना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. सातव्या दिवशी जेवताना म्हणाले, की उद्या शेवटचा दिवस आहे, हा सप्लाय परत देऊन येतो. आणि दुकानदार हत्यारांची पेटीही घेतो म्हणालाय, तीही नेतो. टेबल ताईला देऊ. बाई बरं म्हणाल्या. त्या दिवशी भांडी जरा जास्तच वेळ घासली गेली.

आठवी सकाळ. दिवा लागला. बाई आल्या, टेबल पुसलं, माझ्यावरून फडकं फिरवलं ते दोनदा. निघालेल्या पाहुण्याच्या खांद्यावरून हात फिरवावा तसं. मग बटण दाबलं. काटा उडाला. त्या हसल्या नाहीत, पण हात जोडले.

त्याच वेळी मिस्त्री दारात उभे होते. मला बांधायला लवकर उठले होते, हातात सुतळी आणि जुनी वर्तमानपत्रं. त्यांची नजर माझ्या काट्यावर पडली आणि वर्तमानपत्रं खाली.

"हे केव्हा झालं?"

बाईंनी बटणाकडे बोट केलं. आत्ता.

"रोज होतं?"

बाईंनी मान डोलावली.

"रोज? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

बाईंनी देवाच्या दिव्याकडे बोट दाखवलं. मग बाकीच्या दिवसाचं काय, असं मिस्त्रींनी विचारलं. बाईंनी दोन्ही हात वर ताणून आळस दिल्यासारखं केलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. मिस्त्रींना हसू फुटलं. पोट धरून हसले. दोन वर्षांत त्या खोलीने ते हसू ऐकलं नव्हतं, असं पुढे बाईंनीच सांगितलं.

पण हसायला वेळ नव्हता. "हा तापला की पुन्हा साधू होईल," मिस्त्री म्हणाले. "उजेडाला बॅटरी आण, पटकन."

बाई धावल्या. झाकण नुसतंच ठेवलेलं होतं, ते मिस्त्रींनी उचललं. आत वीज खेळत असताना ते कधी बोट घालत नाहीत. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेका टाक्यावर टिचकी मारत गेले. बाई बॅटरी धरून उभ्या, ओठ घट्ट मिटलेले. काटा शेवटच्या आकड्यावर थरथरत होता आणि माझं अंग हळूहळू तापत होतं. मला पहिल्यांदाच वाटलं, बिघाडा, आज जाऊ नकोस. अजून दोन मिनिटं थांब.

बटणामागे तारा जोडायचे तीन बारीक पाय आहेत, त्यातल्या मधल्या पायाच्या टाक्याला पेन्सिल लागली. काटा धपकन खाली. पेन्सिल उचलली, काटा वर. पुन्हा टेकवली, पुन्हा खाली.

"हा बघ चोर," मिस्त्री कुजबुजले.

त्यांनी वायर भिंतीतून काढली, आतली वीज उतरू दिली, खणातून सोल्डर गन घेतली आणि गुंडाळी सोडली. हे सगळं एका दमात. गन तापली, तेव्हा कुठे त्यांना आपला हात दिसला. टोक हवेत गिरवत होतं. माझ्या पायापासून बोटभर अंतरावर ते थांबले. मागे घेणार, एवढ्यात बाईंनी खांद्यावरचा ओला टॉवेल काढला, त्याची जाड घडी केली आणि त्यांच्या मनगटाखाली सरकवली. वर आपला हात हलकेच ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

पहिला टाका ओबडधोबड आला. मिस्त्रींनी तो वितळवून काढला. दुसरा घालताना दोघांनीही श्वास धरला होता. कथील वितळलं, पसरलं, आणि यावेळी कुणाला शिंक आली नाही. टाका निवला तो आरशासारखा.

बाईंचा नेम त्या क्षणी पुरा झाला होता. त्या बोलू शकत होत्या. पण त्यांनी आत पाहिलं, दिवा अजून तेवत होता. देवाला कबूल केलेलं शेवटच्या थेंबापर्यंत द्यावं म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि तोंडातून अक्षर नाही. मिस्त्रींनीही घाई केली नाही. त्यांनी खणातून तांदळाएवढा एक भाग काढला आणि माझ्या त्याच पायापाशी लावला. मग बाईंना समजावून सांगितलं, की आता हा टाका कधी पुन्हा सुटला तरी काटा वर जाणार नाही, शून्यावर येईल. कुणाचं काही जळणार नाही.

तंत्रशाळेतल्या त्या मुलीला हे कुणीतरी कळवायला हवं होतं, असं मला फार वाटलं. मनुष्य असो की यंत्र, आपल्या हातून चूक होणारच नाही असं कुणाला कबूल करता येत नाही. पण झालीच, तर दुसऱ्याला पोळू नये, इतकी सोय करून ठेवता येते.

आतला दिवा शांत झाला. बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चहा ठेवू?"

"ठेव. आणि ऐक," मिस्त्री टॉवेलची घडी न मोडता म्हणाले, "पुढच्या वेळी बिघडलेलं आणशील ना मुद्दाम, तर जरा सोपा बिघाड बघून आण."

बाईंच्या लगेच ध्यानात आलं. दुकानदार फोनवर बोलला होता तर. मग त्यांनी एका हाताने आपला कान धरला, आणि दुसऱ्या हाताने मिस्त्रींचा.

दुसऱ्या दिवशी गार सकाळी मिस्त्रींनी स्वतः माझं बटण दाबलं. काटा शून्यावर बसून राहिला. मीच आश्चर्याने त्याच्याकडे बघत होतो.

आता मी त्याच खिडकीपाशी असतो. मिस्त्रींचा हात अजून हलतो, तो काही थांबला नाही. म्हणून ते बारीक कामं घेत नाहीत, मोठी घेतात, आणि सावकाश करतात. टॉवेलची घडी टेबलावर कायमची झाली आहे. वन्संचं मशीन टेबलाच्या दुसऱ्या कडेला आलं आहे, उजेड दोघांना पुरतो. तिच्या मशीनचा दिवा मिस्त्रींनी दुरुस्त केला तेव्हा "हात हलतो पण डोकं जागेवर आहे," असं प्रशस्तिपत्रही तिने दिलं. परवा ते म्हातारे शिक्षक काखेत तोच मुका रेडिओ घेऊन आले होते. जमलं तर बघा, नाही जमलं तरी असू दे, म्हणाले. तो सध्या माझ्या टोकांना जोडलेला आहे. अजून बोलत नाही, पण काल एकदा खाकरला.

बाईंनी सकाळचं मौन सोडलेलं नाही. नेम पुरा झाला तरी सवय गोड लागली, म्हणतात. बाकीच्या दिवसात मात्र तो पाऊण तास व्याजासकट वसूल करतात.

ऐकणाऱ्या माणसांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी कोपऱ्यात 'भरवसा नाही' अशी चिठ्ठी लागलेलं काहीतरी असेल. यंत्र असेल, किंवा एखादं माणूसही. ते टाकून देण्याआधी आमच्या बाईंसारखा एक छोटासा नेम धरा. आठ दिवस, रोज सकाळी, ते गारठलेलं असताना त्याच्यापाशी जाऊन बसा. काही बोलू नका. नुसतं बघा. आणि जे दिसेल, ते दिवा शांत झाल्यावर घरातल्यांना जरूर सांगा.